माझ्यासाठी घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.कॉम. झालो, आणि एकही वर्ष न गमावता झालो. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. बाबांची शाळा गावी चौथीत सुटलेली, आईला सहीपुरती अक्षरं येत होती, तेव्हा ही गोष्ट ताठ मानेनं सांगायचा हक्क मला आहे असं मी मानतो.

त्याआधीची सातवी ते नववी ही वर्षं मात्र मी कुणाला सांगत नाही. बायकोलासुद्धा ती तुकड्यातुकड्यानंच माहीत आहेत. त्या वर्षांत मी बोलत नसे.

मुका नव्हतो. खोलीचं दार लोटलेलं असलं की आईशी चांगला भांडायचो. पण उंबरा ओलांडला आणि समोर माणूस आलं की घसा आतून कुणीतरी पिळल्यासारखा व्हायचा. कानशिलं तापायची. बोलायचं ते डोक्यात तयार असायचं, अगदी शब्द न् शब्द, आणि ओठांपर्यंत येऊन परत फिरायचं. आता शाळांमधून याची माहिती देतात, आईबापांना बोलावून समजावतात. ऐंशीच्या दशकातल्या डोंबिवलीत लोक मला आधी लाजरा म्हणायचे. मिसरूड फुटायला लागल्यावर शिष्ट म्हणायला लागले. शाळेत हजेरीच्या वेळी मी नुसता हात वर करायचो, तर सर म्हणायचे, "हात आलाय शाळेत, तोंड काय गावाला ठेवून आलास?" वर्ग हसायचा. मीही हसायचो. हसणं हा सुटायचा एक मार्ग होता. हसणाऱ्याला कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

असे बरेच मार्ग मी शोधून काढलेले. वाण्याकडे पाठवलं तर दुकान रिकामं होईपर्यंत समोरच्या सायकलच्या दुकानापाशी उभा राहायचो, ट्यूबचं पंक्चर बघत. मग जाऊन डब्याकडे बोट दाखवायचं. ओळखीचं कुणी समोरून येताना दिसलं तर चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकायचं. पण सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे तोंड भरलेलं ठेवणं. तोंडात काही असलं की माणसं आपोआप माफ करतात. घरातून निघताना मी लवंग नाहीतर खडीसाखर दाढेखाली धरायचो. सकाळी चाळीच्या नळावर पाणी भरायला गेलो की आधी चूळ तोंडात घ्यायची आणि ती टाकायचीच नाही. कुणी काही विचारलं की गालाकडे बोट दाखवायचं. साताऱ्याच्या काकू, आमच्या शेजारच्या, रोज म्हणायच्या, "आरं, किती वेळ चूळ भरतोस? दात धुतोस का मोरी?"

चाळ डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या अंगाला. मालक तिथलाच, आगरी. भाडेकरू बहुतेक कोकणातले, त्यात आमच्यासारखी मालवणी बोलणारी घरं जास्त. साताऱ्याच्या काकूंसारखी दोनतीन घरं घाटावरची. बाबा जवळच्याच कंपनीत प्रेस मशीनवर होते. दिवसभर पत्र्यावर घाव. त्या आवाजानं त्यांचे कान हळूहळू बसत गेलेले, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे दुसऱ्यालाही येत नसणार अशा हिशेबानं ते घरातसुद्धा ओरडून बोलायचे. आईला त्यांनी हळूच काही सांगितलं तरी टोकाच्या खोलीतून उत्तर यायचं.

एवढा आवाज असल्यामुळे चाळीच्या गणपतीचं गाऱ्हाणं घालायचं काम त्यांच्याकडे. भाद्रपदात निम्मी चाळ गावी जायची, म्हणून आमचा सार्वजनिक गणपती माघात बसायचा. विसर्जनाला निघण्याआधी, दुपार कलली की सगळे अंगणात जमायचे. बाबा मूर्तीपुढे नारळ घेऊन उभे राहायचे आणि देवाशी मोठ्यानं बोलायचे. चाळीत कुणाला काय हवंय, कुणाचं काय अडलंय, एकेकाचं नाव घेऊन सांगायचे, आणि प्रत्येक मागणीनंतर सगळ्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. गावच्या देवळात असतं तसंच. लहानपणी मला ते फार आवडायचं. एवढ्या आवाजात माझा आवाज कुणाला वेगळा ऐकू येत नसे, त्यामुळे "व्हय म्हाराजा" मीही मोकळेपणी म्हणायचो. वर्षभरात चार माणसांत मी म्हणत असेन ते तेवढंच.

मी सातवीत होतो त्या माघात बाबांनी नेहमीसारखी सुरुवात केली. काकूंच्या सुनेची सुटका नीट होऊ दे. मालकाची कोर्टातली केस मिटू दे. खाली राहणाऱ्या एकाला कंपनीनं कायम करू दे. मी मंडपाच्या बांबूला टेकून म्हणत होतो, "व्हय म्हाराजा." आणि मग त्यांनी मान वळवून मला शोधलं.

"आणि म्हाराजा, ह्यो माझो झील! अभ्यासात हुशार हा. पण चार माणसांत तेच्या तोंडाक कुलूप लागता. मास्तर इचारतत, ह्यो गप. दुकानदार इचारता, ह्यो गप. ता कुलूप तू काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पुढल्या वर्षाक हयसर उभो रवान ह्योच तुका गाऱ्हाणा घालतलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इतका जोरदार होकार त्या दिवशी दुसऱ्या कुणाला मिळाला नव्हता. बायका माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. मालकाच्या आईनं पदर डोळ्याला लावला. मी बांबूची सुतळी नखानं सोडवत उभा राहिलो. बाबांचं काय चुकलं होतं? देवाकडे मागायचं ते मोकळ्यानं मागायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. सुनेचं बाळंतपण, मालकाची केस, पोराचं तोंड, सगळं एकाच ताटात. पण जे मी चपलेचे अंगठे नीट करून, गालात पाणी धरून लपवत होतो, ते त्यांनी देवाला सांगायच्या निमित्तानं अख्ख्या चाळीला सांगून टाकलं होतं. वर नवसही बोलले होते, तो माझ्या वतीनं. पुढल्या माघात मला त्या जागी उभं राहून सगळ्यांसमोर बोलावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव पडलं. मैदानात क्रिकेट खेळायची पोरं लांबून ओरडायची, "व्हय म्हाराजा!" मी कडेला उभा राहून बघायचो, तर त्यांच्यातला एक दांडगा यायचा, "ए म्हाराजा, बॅटिंग पाहिजे? मग माग ना. तोंडानं माग." दुसरा म्हणायचा, "छोड ना यार, चावी नहीं मिली अभी तक." मी मैदानाकडे जायचंच सोडलं. मग शाळेतून येतानाचा सरळ रस्ता सोडला.

ते वर्ष माझ्या लक्षात आहे ते बाबांच्या कंपनीच्या भिंतीमुळे. शाळेला सुट्टी असली की बाबांचा डबा द्यायला मला जावं लागायचं. गेटवर डबा ठेवायचा आणि निघायचं, बोलायचा प्रश्न नव्हता. कंपनीच्या मागच्या बाजूला ओढ्याकडे उतरणारी एक पायवाट होती, घरी जायला लांबची. तिथे भिंतीपलीकडे प्रेस चालायची. भिंतीला हात लावला तर घाव हातात यायचा. एकदा तिथं उभा असताना मी सहज बोलून बघितलं. मला स्वतःलाच माझा आवाज ऐकू आला नाही. मग जोरात बोललो. तरी नाही. मग बाबांसारखं छाती फुगवून ओरडलो, "बा देवा म्हाराजा!" कुणी मागं वळून बघितलं नाही. ओढ्याकडची म्हैस चरत राहिली.

त्यानंतर मी मुद्दाम डबा घेऊन जायला लागलो. आईला वाटलं पोरगा सुधारला. भिंतीला पाठ लावून मी अख्खं गाऱ्हाणं घालायचो, सुनेपासून मालकापर्यंत, आणि मध्येमध्ये मीच "व्हय म्हाराजा" म्हणायचो. ज्या आवाजानं बाबांचे कान नेले त्याच आवाजाच्या आडोशाला मला बोलता येत होतं. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद व्हायची तेव्हा मी शब्दाच्या मधोमध थांबायचो. माघ जवळ आला तोवर सगळं पाठ झालेलं. मला खरंच वाटायला लागलेलं की जमेल.

आठवीतला तो दिवस उजाडला आणि सकाळपासून पोटात कळा सुरू झाल्या. खोट्या नव्हत्या. मी चाळीच्या संडासात जाऊन बसलो. तिथे कडी होती आणि माणूस नव्हतं. बाहेर रांग लागली. काकूंनी टमरेल दारावर आपटलं, "आरं कोन हाय आत? झोपला का मेला?" मी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर मी आहे हे कळलं असतं. शेवटी आईनं येऊन दारापाशी हळू आवाजात म्हटलं, "ये रे भायर. मी बाजूक उभी रवतंय." मी बाहेर आलो. रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि काकू म्हणाल्या, "हा व्हय! आज गाऱ्हाणं घालायचंय न्हवं, म्हनून पोट साफ करतोय. जाऊ द्या त्याला."

दुपारी बाबांनी माझ्या हातात नारळ दिला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. कंपनीतले दोन मित्र बोलावलेले, मुलाचं ऐकायला. मी मूर्तीसमोर उभा राहिलो. आई डाव्या बाजूला. अंगण इतकं शांत झालं की मंडपाचं कापड हललेलं ऐकू येत होतं. मला ती भिंत हवी होती.

मी ओठ उघडले. "बा देवा म्हाराजा" माझ्या ओठांवर आलं, जिभेवर आलं, पण त्याला आवाज नव्हता. थांबलो असतो तर सगळं उघडं पडलं असतं, म्हणून मी थांबलो नाही. ओठ हलवत राहिलो. सगळं गाऱ्हाणं म्हटलं, क्रमानं, एकही नाव न गाळता. मागून पोरांची खुसखुस ऐकू आली. "म्यूट केलाय रे" असलं काही म्हणायचे ते दिवस नव्हते, नाहीतर तेही म्हणाले असते. एक जण म्हणाला, "आवाज वाढवा!" घामानं नारळ हातातून निसटायला लागला. तेवढ्यात काकूंना वाटलं असावं की झालं, किंवा त्यांना माझी दया आली असावी, त्यांनी आपल्या सातारी हेलात एकटीनंच ठणकावून म्हटलं, "व्हय महाराजा!" त्यांच्या मागोमाग सगळी चाळ म्हणाली. माझ्या हातातून नारळ घेऊन कुणीतरी फोडला. झांजा सुरू झाल्या.

बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांचे डोळे भरलेले. "बरा घातलंस!" ते ओरडले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझेच कान गेले हत. माका नीट ऐकाक इला नाय. पण बरा घातलंस!" कंपनीतले मित्र एकमेकांकडे बघत होते. त्यांचेही कान तसेच.

त्याआधी माझी लाज माझ्यापुरती होती. मी बोलत नाही, बस. त्या दिवसापासून तिच्यात बाबा आले. ते कंपनीत सांगायचे, वाण्याला सांगायचे, गावाहून कुणी आलं तर त्याला सांगायचे, "आता बोलता हां ह्यो. गेल्या माघात गाऱ्हाणा घातल्यान." आणि समोरचा माझ्याकडे बघायचा, आता बोलेल म्हणून. मी लवंग चावायचो. त्यांनी दोष आपल्या कानांवर घेतला होता आणि मी तो तिथे राहू दिला होता.

नववीचं वर्ष मी बहुतेक भिंतीकडे तोंड करून काढलं. शाळेतून आलो की खाटेखाली चटई टाकून पडायचो. तिथे डिस्टेंपरचा पोपडा निघालेला, तो बोटानं मोठा करत राहायचो. भूक लागायची नाही. आंघोळीला आई ढकलायची. गणितात कधी नव्हे ते काठावर पास झालो. डब्याला जाणंही बंद केलं. त्या भिंतीपाशी मी जे बोलायचो ते आता मला खोटं वाटायचं. लोक म्हणायचे पोरगा आळशी झालाय. बाबा म्हणायचे, वयच तसलं. आई काही म्हणायची नाही. ती भाजी निवडायला खाटेजवळ येऊन बसायची, एवढंच. तिनं काही विचारलं नाही म्हणून मी त्या वर्षात तगलो असं मला वाटतं, पण हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

परत माघ आला. गणपती बसायच्या आदल्या सकाळी मी आणि बाबा नळावर होतो. रांग होती. बाबा रांगेला सांगत होते, "औंदा पण माझो झीलच गाऱ्हाणा घालतलो. आता दर वर्साक तोच!" मी तोंडात पाणी धरलेलं. का ते माहीत नाही, मी ते गिळून टाकलं. त्यांची बाही ओढली.

"बाबा, मी नाही."

"काय?"

"मी नाही घालणार."

"मोठ्यान बोल रे! ऐकाक येणा नाय!"

रांग बघत होती. त्यांच्या कानाशी तोंड नेलं तर ते वाकून आणखी मोठ्यानं म्हणाले, "काय म्हणतंस?" आणि मला कळलं की ही गोष्ट त्यांना हळू सांगायची सोयच नाही. मी ओरडलो.

"बाबा, मी गेल्या वर्षी बोललोच नव्हतो! नुसते ओठ हलवले! मला नाही येत बोलता!"

लहानपणी माणसांसमोर मी सगळ्यात मोठ्यानं बोललेलं वाक्य हेच. वरच्या गॅलरीतून माणसं डोकावली. बादली भरून वाहत होती, कुणी नळ बंद करत नव्हतं. मग रांगेतला तो क्रिकेटवाला दांडगा म्हणाला, "आयला, म्हाराजा बोलला!" आणि हशा पिकला. काकू त्याच्यावर खेकसल्या, "गप ए, दात काढू नगंस!" पण त्याही हसत होत्या. वाईट मनानं नव्हे. हसण्यासारखंच होतं ते.

बाबा हसले नाहीत. त्यांनी नळ बंद केला. आपली बादली उचलली, दुसऱ्या हातानं माझी उचलली, आणि दोन्ही घेऊन घराकडे चालू लागले. पाणी पायजम्यावर सांडत होतं. मी मोकळ्या हातानं मागून गेलो. घरात आल्यावर ते खाली बसले आणि कंपनीला जायची वेळ होईपर्यंत तसेच बसून राहिले. ते गेल्यावर मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"बाजूकच होतंय मी," ती म्हणाली. "तेंका कोण सांगतला? इतके खूश होते."

विसर्जनाच्या दुपारी नारळ बाबांच्याच हातात होता. मी आईच्या शेजारी, मंडपाच्या कडेला. त्यांनी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. काकूंच्या नातवाचं जावळ. मालकाची केस, ती अजून चाललेलीच. आईचे गुडघे. प्रत्येक मागणीला होकार येत गेला. आता कुलूप येणार, आता ओठ हलवल्याची गोष्टही देवाला सांगणार, नवस फिटला नाही म्हणून माफी मागणार, सगळ्यांसमोर. त्यांनी मान वळवून मला शोधलं, त्या वर्षी शोधलं होतं तसंच. मग परत मूर्तीकडे तोंड केलं.

आणि त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. तो माणूस, ज्याला हळू बोलता येत नव्हतं, तो अख्ख्या चाळीसमोर ओठ हलवत उभा होता. बराच वेळ. लोकांना कळेना, होकार कधी द्यायचा. कुणीतरी मागून म्हणालं, "काय ओ, आवाज बसलो काय?" बाबांना ते ऐकू गेलं नसणार. त्यांनी डोळे मिटले, मान खाली घातली, म्हणजे संपलं. अंगण गप्पच होतं.

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली. हळू. तिच्या पाठोपाठ मीही म्हटलं, पण तोवर झांजा सुरू झालेल्या, त्यामुळे ते कुणाला ऐकू गेलं का ते माहीत नाही.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. माझं गुपित राखलं गेलं होतं, नवस सुटला होता. पुढं कधी त्यांनी ती गोष्ट काढली नाही, गाऱ्हाणं शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. मी हळूहळू बोलायला लागलो, दहावी झालो, कल्याणच्या कॉलेजात गेलो. तिथे तोंडी परीक्षेला उभं राहायचो तेव्हाही दाढेखाली लवंग असायची, आणि ऑफिसच्या मीटिंगला आजही असते. पण त्या दुपारी मूर्तीकडे बघताना मला फक्त लाज वाटत होती. माझ्यापायी बाबांना आवाज गिळावा लागला होता, तोही देवासमोर, जिथे त्यांनी तो कधी गिळला नव्हता.

त्यांनी माझ्यासाठी काय मागितलं ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं तर ओरडून विचारावं लागलं असतं.